मदत हवी आहे: रिकामा वेळ टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते, एकांकिका लिहिते. दोन वर्षं एक संहिता अडकून पडली होती. गेल्या महिन्यात वादळात रात्री लाईट गेली, मोबाईलही बंद पडला. नुसती बसून होते. आधी जीव कासावीस झाला. मग मोरीतल्या बादलीत नळाचा एकेक थेंब पडताना ऐकू यायला लागला, आणि त्या ठेक्यावर नाटकातली म्हातारी बोलायलाच लागली! मेणबत्ती लावून कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहीत सुटले.

आता असा वेळ रोज हवाय. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो नि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. अख्ख्या गावाला जमतं, पण माझा हात दहा मिनिटांत फोनकडे जातोच. हरिपूरला संगमावरही बसून बघितलं, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते.

लिहिणारे, चित्रं काढणारे, पेटी वाजवणारे कुणी असाल तर सांगा, सुरुवातीची ती अस्वस्थ मिनिटं तुम्ही कशी काढता? घरच्यांना काय सांगता? सासूबाईंना वाटतं, नुसती बसलीय म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि सांगली-मिरजेत तासभर कुणी हटकणार नाही अशी जागा माहीत असेल तर नक्की कळवा.