शब्दचर्चा : डिस्कच्या ‘कव्हर’ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

प्रश्न

मंडळी, सिनेमाच्या एका ब्लूरे डिस्कच्या कव्हरवरून आमचा चौघांचा रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि शेवटी लक्षात आलं की कव्हर म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळीच वस्तू आहे. एक म्हणत होता कव्हर अगदीच वाईट, म्हणजे त्याला पुढचं चित्र पटलं नव्हतं. दुसरा म्हणत होता कव्हर तर झकास आहे, तो वरून चढवलेल्या पुठ्ठ्याबद्दल बोलत होता. तिसरीचं म्हणणं कव्हर तडकलंय, ती प्लास्टिकच्या डबीबद्दल. मी ‘मुखपृष्ठ’ म्हणून पाहिलं तर तिघंही एकदम म्हणाले की ते पुस्तकाला असतं. मग सिनेमाच्या डिस्कवरच्या कव्हर आर्टला काय म्हणायचं? मुखचित्र, आवरण, वेष्टन, की कव्हरच? मला हे खरंच हवंय कारण मी या डिझाइनवर मराठीत लिहायला बसते आणि तिसऱ्या वाक्याला अडकते.

प्रतिसाद

मुखपृष्ठच म्हणा की. मासिकाला चालतं, दिवाळी अंकाला चालतं, डिस्कला का चालू नये? वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रतिसाद

कळतं हे खरं, पण शब्द जरा उलगडून बघा, गंमत आहे त्यात. संस्कृतात पृष्ठ म्हणजे आधी पाठ, आपला ‘पाठ’ हा शब्द त्यातूनच आलाय, पान हा अर्थ नंतरचा. म्हणजे मुखपृष्ठ या एका शब्दात तोंड पण आहे आणि पाठ पण. पुस्तकाच्या बाबतीत आपण तो ‘तोंडाकडचं पान’ असा घेतो आणि मागच्याला मलपृष्ठ म्हणतो, ते ठीकच आहे कारण तिथे खरोखर पानं असतात. डिस्कच्या डबीत पान कुठे आहे? तिथे एकच लांब कागद असतो, डीव्हीडीचा साधारण 273 मिमी रुंद आणि 184 मिमी उंच, त्यात पुढची बाजू, मधली 14 मिमीची पट्टी आणि मागची बाजू सगळं सलग छापलेलं, आणि तो डबीच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्यात सरकवतात. चांगला डिझायनर तो कागद सलगच बघतो, कधी चित्र पुढून सुरू होऊन मधल्या पट्टीवरून मागे वळतं. अशा कागदाला मुखपृष्ठ म्हटलं की निम्म्याहून जास्त काम शब्दाबाहेर राहतं. म्हणून त्या अख्ख्या कागदाला मी ‘वेष्टन’ म्हणेन, गुंडाळून घेतं ते वेष्टन.

प्रतिसाद

वेष्टनाला माझा विरोध आहे. वेष्टन म्हटलं की साबणाच्या वडीवरचा कागद आठवतो, फाडला आणि टाकला. आम्ही डिस्क जमवणारे लोक हा कागद टाकत नाही हो, डबी फुटली तर नवीन डबी आणून तोच कागद जपून त्यात घालतो. त्यापेक्षा ‘आवरण’ बरा, वजनदार आहे.

त्यावर, वेष्टनवाला

पोथीला बांधतात त्या कापडालाही वेष्टनच म्हणतात आणि ते कुणी टाकत नाही, उलट पोथीपेक्षा जास्त सांभाळतात. आवरणाची अडचण वेगळी आहे. आवरण झाकतं. वेदान्तात अज्ञानाचं आवरण म्हणतात ते याच अर्थाने, खरं रूप दिसू नये म्हणून आलेला पडदा. सिनेमाचं कव्हर झाकायला असतं का? आत काय आहे ते एका नजरेत सांगायला असतं. झाकणारं कव्हर हेच वाईट कव्हर, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुन्हा मी (विचारणारी)

वा, हे आवडलं. पण तुम्ही कागदाचं नाव दिलंत, चित्राचं राहिलंच. आमचं भांडण मुख्यतः चित्राचं होतं. थिएटरचं मूळ पोस्टर इतकं सुंदर असताना कंपनीने त्यावर नटांचे तरंगते चेहरे का लावले, हा आमच्यातल्या एकाचा मुद्दा, आणि दुसरा म्हणत होता पोस्टर वेगळं आणि कव्हर वेगळं.

प्रतिसाद

दुसऱ्याचं बरोबर आहे ताई, आणि हे मापातूनच दिसतं, जरा सविस्तर लिहितो. अमेरिकन थिएटरचं नेहमीचं पोस्टर 27 बाय 40 इंच, म्हणजे उंची मीटरभर. ते डीव्हीडीच्या 184 मिमी उंचीत बसवलं की साडेपाच पट लहान होतं. पोस्टरवर एक सेंटिमीटर उंचीचं अक्षर होतं ते इथे दोन मिमीपेक्षा कमी. तळाशी नावांची ती दाटीवाटीची उभट अक्षरं असतात ती तर नुसती राखाडी पट्टी होऊन बसते. आणि आकारही एक नाही. लेझरडिस्क, म्हणजे सिनेमाची जुनी मोठी डिस्क, 1978 साली आली ती 30 सेंमीची, तिचं कव्हर जवळजवळ चौकोनी आणि गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डएवढं, चित्रकाराला ऐसपैस जागा. व्हीएचएसची कॅसेट 187 बाय 102 मिमी, तिचा खोका उभट आणि चिंचोळा. 1996 ला जपानमधून सुरू झालेली डीव्हीडी त्याहून रुंद. आणि 2006 ची ब्लूरे, तिची डबी बुटकी, आतला कागद साधारण 149 मिमी उंच, रुंदी मात्र जवळपास डीव्हीडीएवढीच. म्हणजे उभं पोस्टर ब्लूरेवर आणायचं तर वरून किंवा खालून कापावंच लागतं, नाहीतर बाजूला रिकामी जागा सोडावी लागते. ज्या पोस्टरचा सगळा जीव वरच्या मोकळ्या आभाळात आहे त्याचं आभाळच कापलं की काय राहतं? वर परत ब्लूरेच्या डबीला माथ्यावर लोगोची पट्टी असतेच.

म्हणून ‘पोस्टरच छापा’ हा आपला नेहमीचा हट्ट मला अर्धाच पटतो. पोस्टर रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायला काढलेलं असतं, हे चित्र हातात घेऊन बघायला. कामच वेगळं तर शब्द वेगळा असायलाच हवा. तरंगते चेहरे मात्र मलाही नकोत, ते लहान आकारात ओळखू येतात म्हणून लावतात हे कळतं, पण चार चेहरे आणि मागे निळा-नारिंगी उजेड एवढ्यावर कुठलाच सिनेमा कुठला ते कळत नाही.

प्रतिसाद

मग ‘मुखचित्र’?

प्रतिसाद

मुखचित्र वाचलं की मला चेहऱ्याचं चित्र असं वाटतं, आणि वर चेहऱ्यांवरूनच वाद चाललाय, गोंधळ अजून वाढेल. आपल्याकडे ‘दर्शनी’ हा किती चांगला शब्द पडून आहे. घराची दर्शनी बाजू, दर्शनी भिंत. दर्शनी चित्र म्हणा. पुढे असलेलं आणि बघण्यासाठीच असलेलं, दोन्ही अर्थ आले, आणि समजावून सांगावं लागत नाही.

पुन्हा मी

दर्शनी चित्र! हे मी आजपासून वापरणार. आता वरून चढवतात त्या पुठ्ठ्याचं सांगा कुणीतरी, स्लिपकव्हरचं. तिथे तर लोक हळवे असतात, कोपरा दबला तर डिस्क परत पाठवतात.

प्रतिसाद

खोळ. उशीची, गादीची असते तशी.

प्रतिसाद

खोळ एकीकडून बंद असते ना. इथे दोन प्रकार आहेत ते वेगळे ठेवायला हवेत. स्लिपकव्हर वरून आणि खालून दोन्हीकडे उघडं असतं, डबी त्यातून आरपार जाते, त्याला बाही म्हणता येईल, शर्टाच्या बाहीसारखी. दुसरा स्लिपकेस, जाड पुठ्ठ्याचा, एकाच बाजूने उघडा, तीन-चार डिस्कचा संच त्यात सरकवतात. त्याला ‘म्यान’ शब्द काय फिट बसतो बघा, घट्ट, एका तोंडाचं, वस्तू आत गेली की फक्त मूठ दिसते तशी इथे डब्यांची फक्त पाठ, म्हणजे ती मधली पट्टी, दिसते. तंबोऱ्याची असते ती ‘गवसणी’ पण मनात आली होती, पण ती कापडाची आणि सैल, पुठ्ठ्याला नको.

प्रतिसाद

म्यान उत्तम!! बाहीबद्दल मात्र खात्री वाटत नाही, ‘बाही फाटली’ म्हटलं तर कुणीही शर्टाकडेच बघेल. माझं मत खोळीलाच, उघडी-बंदचा एवढा काथ्याकूट बोलताना कुणी करत नाही.

प्रतिसाद

अजून एक राहिलं, उलटून घालता येणारं कव्हर. जर्मन लोकांकडे याला स्वतःचा शब्द आहे, ‘वेंडेकव्हर’, त्यांच्याकडे वेंडेन म्हणजे उलटवणं, वळवणं. आणि तो शब्द रुजला त्याला कारण आहे. तिथल्या कायद्याने वयोगटाचं रंगीत चिन्ह पुढच्या बाजूला डावीकडे खाली लावावं लागतं आणि ते किमान 1200 चौरस मिमी. डीव्हीडीच्या पुढच्या बाजूचा हिशोब केला तर वीसातला एक भाग. सुंदर काळोख्या चित्रावर ते चिन्ह फार खुपतं, म्हणून कितीतरी कंपन्या कागदाच्या आतल्या बाजूला तेच चित्र चिन्हाशिवाय छापतात आणि लोक घरी नेल्यावर कागद उलटा करून घालतात. ब्रिटनच्या ॲरो व्हिडिओ या डिस्क काढणाऱ्या कंपनीने याचा वेगळा उपयोग केला, एका बाजूला नव्याने काढून घेतलेलं चित्र आणि दुसऱ्या बाजूला मूळ पोस्टर, ज्याला जे हवं त्याने ते लावावं. वर चाललेलं अर्धं भांडण असल्या कागदाने मिटतं. मराठीत काय म्हणू? ‘दुतोंडी’ म्हणवत नाही, शिवी होते.

प्रतिसाद

‘अस्तर’ घ्या की. कोटाच्या आतलं अस्तर तसं वेष्टनाचं अस्तर. ‘अस्तरावर मूळ पोस्टर छापलंय’ हे वाक्य आजीलाही कळेल. आणि पारदर्शक डबी असेल तर झाकण उघडल्यावर डिस्कच्या मागे आतली छपाई दिसते, तिलाही हाच शब्द चालतो. ‘उलटसुलट’ आहेच, पण ते वर्णन झालं, नाव नव्हे.

प्रतिसाद

पाठीबद्दल कुणी बोललंच नाही! कपाटात वर्षभर आपण पाठच बघतो, दर्शनी चित्र क्वचित. क्रायटेरियन ही अमेरिकन कंपनी 1984 पासून घरी बघायला सिनेमे काढतेय, त्यांच्या पाठीवर क्रमांक असतात आणि लोक त्या क्रमांकाने रांग लावतात. एखाद्या मालिकेच्या तिसऱ्या भागाला लोगो वर-खाली झाला की रांग मोडते, ती बोच ज्याला आहे त्यालाच कळते. इंग्रजी कव्हरांवर पाठीवरची अक्षरं वरून खाली वाचायची असतात, फ्रेंचांची पद्धत खालून वर, दोन्ही शेजारी ठेवले की मान दोन्हीकडे कलवावी लागते. देवनागरी पाठीवर आडवी केली तर आणखी एक गोष्ट होते, वरून खाली लिहिलं की शिरोरेषा उजवीकडे सरळ उभी रेघ होते आणि अक्षरं तिला लटकतात, मला ते फार देखणं वाटतं, कुणी डिझायनर असाल तर करून बघा. शब्द म्हणून पुस्तकवाले ‘कणा’ म्हणतात. मी पाठच म्हणेन, कणा आतला, पाठ बाहेरून दिसते.

पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं रात्रीचं भांडण आता असं लिहिता येतं : दर्शनी चित्र वाईट, खोळ झकास, डबी तडकलेली, अस्तरावरचं पोस्टर सुरेख आणि पाठीवरचा लोगो अर्धा सेंटिमीटर खाली. चौघंही बरोबर होतो. बोलताना कव्हरच म्हणू, पण लिहिताना हे वापरीन.

प्रतिसाद

स्टीलबुकचं, म्हणजे पत्र्याच्या डबीचं, काय करणार? तिथे कागद नसतोच, चित्र थेट पत्र्यावर छापलेलं असतं आणि माहितीचा सुटा कागद मागे लावलेला असतो, तो काढला की नुसतं चित्र. स्टीलबुक हा ट्रेडमार्क आहे, त्यामुळे नाव तसंच ठेवावं लागेल.

पुन्हा मी

मग तिथे वेष्टन म्हणता येणार नाही, तो सुटा कागद म्हणजे ‘माहितीपत्र’. पण दर्शनी चित्र तिथेही चालतंय, बघा.