घरी जयगाव, बाहेर जळगाव: बोलीचे अनुभव

परवा जळगाव बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. सोबत्याशी त्यांच्या अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलण्यात, गप्पा रंगल्या होत्या. खिडकीशी नंबर आला तसे ते ताठ झाले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "धुळ्याची गाडी किती वाजता आहे?" त्यातला ‘ळ’ असा काही उच्चारला, जसा काही तोंडी परीक्षेत विचारलाय. मग मागे वळून सोबत्याला, "धुयानी गाडी अर्धा तासमा शे."

मीही हेच करते, फक्त आता जोर लावावा लागत नाही. तुमच्या तोंडचा ‘य’ कोणासमोर ‘ळ’ होतो? केव्हापासून? या धाग्यावर लिहा. अहिराणी ही भाषा की बोली आणि तिचा उगम कुठला, हा वाद कृपया इथे नको. तो सुरू झाला की माणसं अनुभव सांगायची थांबतात.

साक्रीची, मुक्काम पुणे

हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आईचा फोन आला, मी व्हरांड्यात जाऊन बोलले. जेवनी का, काय खादं, पैसा शेतस का, एवढंच. परत आले तर रूममेट काळजीने विचारते, "घरी काही भांडण झालं का गं?" आमची साधी खुशालीसुद्धा तिला भांडण वाटली! तेव्हापासून मी जिन्यात जाऊन बोलायला लागले. नंतर नंतर आईशीही प्रमाण मराठीत. आई एकदा म्हणाली, "तू पाव्हनीसारखी बोली ऱ्हायनी." त्यावर मला काही सुचलं नाही.

आणि उलटंही ऐका. लग्नाचं बघत होते तेव्हा आमच्याच एका नातलग बाईंनी शेरा मारला, "एवढी शिकनी, पन बोलस आपलासारखीच." म्हणजे शिकून काय फायदा झाला, असा सूर.

शिरपूर तालुका

आमच्या खेड्यात आईबापालाही तूच म्हणतात, त्यात अनादर नसतो. एकदा आबांना घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. आबा हात जोडून म्हणाले, "साहेब, तू सांगशी तसं करसू." साहेब बाहेरचे. "तू कोणाला म्हणता?" आबांना कळेचना काय चुकलं. कागद दीड महिना अडला. पुढच्या खेपेला आबा बोललेच नाहीत, बोलायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा नववीत.

यावलकडची

थोडं विषयांतर. खान्देशची म्हटलं की लोक लगेच "अहिराणी बोलून दाखव" म्हणतात. आमच्या घरी लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं, तेव्हा ऑफिसात अभिनंदन झालं ते "तुमच्या अहिराणीच्या कवयित्री" म्हणून. त्यांचीही बोली लेवा गणबोलीच, हे सांगून सांगून थकले.

शाळेतली गंमत वेगळीच. पुस्तकातल्या त्यांच्या कवितेवर बाई डोळ्यांत पाणी आणून बोलायच्या. त्याच तासाला माझ्या निबंधात ‘पानी’ सापडलं तर खाली लाल रेघ.

लिंबायत, सुरत

आमचं प्रकरण वेगळं आहे. आजोबा शिंदखेड्याकडून लूमवर कामाला आले, आता तिसरी पिढी. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. मराठी राहिली ती लग्नपत्रिकेपुरती. गुजराती लोकांच्या लेखी आम्ही मराठी. पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलो तर ते म्हणतात, "तुम्हाला मराठी नीट येत नाही." गावी गेलं की सुरतवाला. पण उधना स्टेशनवर गर्दीत कोणी "कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?" म्हटलं की लगेच जागा होते, डबा उघडतो. आमच्या पोरांना ‘ळ’ सोडायची लाज नाही, कारण त्यांना तो कोणी लावलाच नाही.

(धागा काढणारी: हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी धरून चालले होते की अहिराणी येते म्हणजे मराठी येतेच.)

शहाद्याचा

वरचं सगळं वाचलं, पटलंही. पण दुसरी बाजू लिहायला हवी, कारण आम्ही काही नुसते सोसणारे नव्हतो.

आमच्या वर्गात धडगावकडची पाच-सहा मुलं होती, वसतिगृहात राहायची, घरची बोली पावरी. आम्ही त्यांना "पहाडी" म्हणायचो. त्यातला एक माझ्या पुढच्या बाकावर. गणितात सरांनी प्रश्न विचारला की हा शेजारच्याच्या कानात पावरीत उत्तर सांगायचा. शेजारी जरा सफाईने मराठी बोलणारा, तो उभा राहून ते मराठीत म्हणायचा आणि शाब्बासकी त्याला. हे मी कित्येकदा पाहिलं. सरांनाही दिसत असणार. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मजा वाटायची.

त्या मुलाला घरची पावरी, बाजारात ऐकून ऐकून आलेली अहिराणी, पुस्तकातली मराठी आणि बऱ्यापैकी हिंदी येत होती. आमचं बोलणं त्याला सगळं कळायचं, त्याचं आम्हाला एक अक्षर नाही. तरी "त्याले भाषा येस नही" असं आम्ही म्हणायचो.

पुढे मी नाशिकला इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्याच सादरीकरणात घाईत "मी सांगस" निघून गेलं. अख्खा वर्ग हसला. महिनाभर माझं नावच ‘सांगस’. राग आला, रडूही आलं. त्या रात्री तो बाकावरचा मुलगा आठवला, असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. तो आठवला तब्बल दहा वर्षांनी, बायको आमच्या कामवाल्या मावशींच्या बोलण्याची नक्कल करत होती तेव्हा. त्या अक्कलकुव्याकडच्या. मी हसलो होतो.

अमळनेर

फेब्रुवारी २०२४ मध्ये गावात ९७ वं साहित्य संमेलन झालं, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही. पाहुण्यांना मांडव दाखवायचं काम माझ्याकडे होतं. दिवसभर स्वच्छ मराठीत सर, मॅडम. दुपारी एक पाहुणे म्हणाले, "अहिराणीत काहीतरी बोला ना!" काय बोलू? मी म्हटलं, "भूक लागेल शे, जेवाले चाला." त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला खरंच भूक लागली होती.

धुळ्याचा मास्तर

२०११ च्या जनगणनेत प्रगणक होतो. मातृभाषेच्या रकान्याशी आलं की घरोघरी एकच. बाई दारात उभी राहून अर्धा तास अहिराणीत बोललेली, सून, नातू, म्हैस, सगळं सांगून झालेलं. मातृभाषा विचारली की, "शायमा जी शिकाडतस तीच ना? मराठी लिखी ल्या, गुरुजी." समोरचा सांगेल ते लिहायचं, असा नियम. लिहिलं.

नंतर आकडे आले. जनगणनेत ‘खान्देशी’ मराठीपासून वेगळी मोजतात, अहिराणी तिच्यातच. २००१ मध्ये बोलणारे २० लाख ७५ हजार, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार. एकट्या जळगाव, धुळे, नंदुरबारची लोकसंख्या तेव्हा ७९ लाखांच्या घरात. सगळेच काही अहिराणीवाले नाहीत, हे कबूल. पण दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं गप्प झाली असं मला तरी बाजारात दिसलं नाही. त्यातली काही माझ्याच पेनाने कमी झाली असतील.

माझ्या घरचा फॉर्म भरायला दुसऱ्या शाळेचे मास्तर आले होते, ओळखीचे. त्या रकान्याशी आले आणि न विचारता मराठी लिहून पुढे सरकले. मीही काही म्हटलं नाही. चहा पीत आम्ही दोघं अहिराणीतच बोलत होतो.