पद्मिनीला मारुतीची डिस्क : म्हणे एका दिवसाचं काम!

तेलकट_हात
कालच्या लेखातला सल्ला असा : प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या ड्रम ब्रेकना रामराम ठोका, मारुती ८०० ची डिस्क आणि तिला पॅडने चिमटणारा कॅलिपर आणा, मधे पट्टी वेल्ड करा, ब्रेक लाइनमधली हवा काढा, संध्याकाळी गाडी घाटात. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरबद्दल चकार शब्द नाही! म्हणून लिहितोय.

ड्रमला आतून घासणाऱ्या दोन शूंपैकी लीडिंग शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप आणखी घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला दाब जास्त लागतो, शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, म्हणजे ऑइलही जास्त. पेडल खाली जातंय म्हणून पाऊण इंची मास्टर काढून सात-अष्टमांश इंची घातला, तर क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं आणि तेवढ्याच पायाच्या जोरात दाब २६ टक्के उतरतो. पेडल दगड. मग पायाचा जोर वाढवणारा बूस्टर शोधा. बूस्टर आला की मागच्या ड्रमांनाही वाढीव दाब, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक. मग मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. झालं का एका दिवसात?

घाटपांडे_नव्हे
सगळं मान्य, पण ड्रमचं कौतुक पुरे. तापला की ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल आणखी खाली. डिस्क तापून जाड होते ती पॅडच्या दिशेने. खंडाळा उतरताना हा फरक पायाला कळतो. पाण्यातून गाडी काढल्यावर ओला ड्रम धरतच नाही, ती मजा वेगळीच. आणि फियाटने स्वतः १९६६ च्या ११०० आर ला पुढे डिस्क दिल्या होत्या. प्रीमियरच्या कुर्ला कारखान्याने दिल्या नाहीत म्हणून आपण जन्मभर ड्रम पुजायचे?

तेलकट_हात
चौथ्या गिअरमध्ये घाट उतरणाऱ्याला कुठलीच डिस्क पुरणार नाही. दुसरा टाका. बरेचसे ‘खराब’ ड्रम हे न घासलेले शू असतात. ड्रमच्या आत खडू फासा, चाक फिरवत हलका ब्रेक दाबा, ड्रम काढून शूवरचं लायनर बघा. खडू फक्त मधोमध लागला असेल तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही. घासून घ्या. आणि ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं.

मूळ_प्रत
ब्रेक बदलला की गाडी ओरिजिनल राहिली नाही. व्हिंटेज गाड्यांचा व्हीए नंबर विसरा.

घाटपांडे_नव्हे
आले! व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम वाचा. ५० वर्षं पूर्ण, आणि चासी, बॉडी-शेल, इंजिन यांत बदल नको. ब्रेकचं नाव आहे का त्यात?

मूळ_प्रत
‘मूळ स्वरूपात’ हेही शब्द त्यातच आहेत. सोयीचं तेवढं वाचायची सवय.

घाटपांडे_नव्हे
तुमच्या गाडीला रेडियल टायर आहेत ना? मग मूळ स्वरूप कुठे गेलं?

तेलकट_हात
अहो, व्हीए घेतल्यावर गाडी रोज चालवताच येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, बास. नोंदणीचे २०,००० रुपये भरून घाटाचा प्रश्नच मिटला. आता ब्रेककडे वळू या का?

नटबोल्ट_१०.९
वळा. स्टब अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, वेल्डिंग करणाऱ्याच्या गाडीमागे मी माझी गाडी ठेवणार नाही. ब्रॅकेट १० मिमी पोलादी प्लेटची, ड्रमच्या बॅकप्लेटच्याच भोकांवर बोल्टने. हब लेथवर, डिस्कचा रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) डायल गेजने ०.१ मिमीच्या आत. ८०० साडेसहाशे किलोची, पद्मिनी नऊशेच्या आसपास. ८०० चा कॅलिपर ‘बसतो’ म्हणजे पुरतो असं नाही. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की हवा काढायचा ब्लीड निपल खाली येतो आणि हवा वर अडकते. लिटरभर ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजच.

ब्रेक सोडल्यावर चाक जाम राहिलं, तर कॅलिपरला शिव्या देण्याआधी मास्टरचे माउंटिंग नट तीन-चार आटे सैल करा. चाक सुटलं? पुशरॉड लांब आहे, मास्टरमधलं ऑइलच्या परतीचं भोक उघडतच नाही. नाही सुटलं, पण मास्टरचा पाइप सैल केल्यावर सुटलं? ड्रमच्या मास्टरमधला, लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा १० पीएसआयचा व्हॉल्व्ह आत राहिलाय. शूला परतीची स्प्रिंग असते, पॅडला नसते. तरीही नाही सुटलं, तर होज आतून बुजलाय किंवा पिस्टन अडकलाय.

घाटपांडे_नव्हे
हे लेखात असतं तर भांडण कशाला झालं असतं? फक्त एक राहिलं. सिंगल सर्किट. एक होज फुटला की चारही चाकं गेली, मग खडू फासलेला असो वा डिस्क. दोन वेगळी सर्किटं चालवणारा टँडम मास्टर आधी, बाकी नंतर.

तेलकट_हात
अखेर एक वाक्य बरोबर लिहिलंत. टँडम घाला. डिस्कचं मात्र खडू लावून झाल्यावर बघू.

मूळ_प्रत
टँडमही ओरिजिनल नाही.