मदत हवी आहे: 1969 च्या एमजीबीचे पेट्रोल होज घरीच बदलायचे आहेत

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहितोय, कारण विषय पेट्रोलचा आहे आणि अर्धवट माहितीवर हात घालायची माझी तयारी नाही.

मी इंग्लंडात लेस्टरजवळ राहतो. दीड वर्षापूर्वी 1969 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली. 1798 सीसीचं इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस4 कार्ब्युरेटर, सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आधीच्या मालकांनी गाडी जिवापाड जपली होती, पण वयामुळे शेवटची सात-आठ वर्षं ती बरीचशी उभीच राहिली.

गेल्या शनिवारी सकाळी गॅरेज उघडलं तर पेट्रोलचा वास. बोनेट उघडून पाहिलं. दोन कार्ब्युरेटरांना जोडणारा आखूड होज, म्हणजे रबरी नळी, आहे, त्यावर कापडी विणीचं आवरण आहे, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. बोट फिरवलं तर ओलसर लागलं. पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं. टोकाकडून जरा वाकवला तेव्हा क्लिपच्या लगेच बाहेर केसासारख्या भेगा दिसल्या.

ज्यांनी हे इंजिन जवळून पाहिलंय त्यांना माहीत असेल की यात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) दोन्ही एकाच बाजूला, डावीकडे आहेत. मध्ये पत्र्याचं एक हीट शील्ड, बस. होज फुटला तर पेट्रोल सरळ तापलेल्या मॅनिफोल्डवर. माझी नऊ वर्षांची मुलगी दर रविवारी शेजारच्या सीटवर बसून येते. ते डोळ्यांसमोर आलं आणि गाडी तिथेच ठेवली, अजून हलवलेली नाही.

जवळच्या एका गॅरेजला फोन केला, तर म्हणाले तीन आठवड्यांनी आणा, तोवर थोडीफार चालवायला हरकत नाही. हे ऐकून फार वाईट वाटलं. कोल्हापूरला वडिलांशी बोललो. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात गेलं. ते म्हणाले, "एक होज गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. सगळे काढ. आणि वास येतोय तोवर चावी फिरवू नकोस."

म्हणून सगळेच बदलायचं ठरवलंय. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे 2018 पासून एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. गाडीखाली दुसरं कुणी डोकावणारच नाही, जे बघायचं ते मीच.

माझ्या अडचणी अशा. दुकानात होजवर आर6, आर9, आर14 असं छापलेलं असतं, त्यातलं या गाडीला काय योग्य? आधीच्या मालकांच्या पावत्यांवरून ते साधं ई10 पेट्रोल (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) भरत असावेत, त्याचा यात हात असेल का? मागच्या उजव्या चाकापाशी टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप आहे, तिथला होज सोडला तर टाकीतलं सगळं पेट्रोल अंगावर येईल का? सध्या टाकी पावपेक्षा थोडी जास्त भरलेली आहे. आणि कुठला होज नजरेतून सुटू शकतो?

ब्रेक, क्लच, तेल बदलणं ही कामं घरी केलेली आहेत. पेट्रोलच्या बाजूला पहिल्यांदाच जातोय.

– रोडस्टर६९

प्रतिसाद: जुनाजाणता

आधी वडिलांना नमस्कार सांगा. त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलंय.

होजचं आधी. आर6 हा कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठीचा जुना प्रकार. तुमच्या एसयू पंपाचा दाब जेमतेम तीन पीएसआयच्या आसपास, त्यामुळे दाबाच्या हिशेबाने आर6 पुरतो. पण प्रश्न दाबाचा नाही, इथेनॉलचा आहे. जुन्या रबराला ते फुगवतं, मग कडक करतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की आणखी वाईट. आर9 च्या आत फ्लोरोइलास्टोमर नावाच्या रबराचा थर असतो, तो इथेनॉलला दाद देत नाही. आर9 च घ्या. आर14 ही आर6 पेक्षा बरा, पण चार-पाच फुटांच्या होजमध्ये पैसे वाचवून काय करायचंय?

ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10 झालंय. तुम्ही सुपर, म्हणजे 97 किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं, भरत जा, ते ई5 असतं. पावत्यांवरचा तुमचा अंदाज मला पटतो.

होजचा आतला व्यास आणि धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास एकच हवा. व्हर्नियरने प्रत्येक जागा वेगवेगळी मोजा, सगळीकडे एकच माप असेल असं धरून चालू नका. मोठा होज क्लिप आवळून बसवला की त्याला घडी पडते आणि नेमका तिथूनच गळतो.

प्रतिसाद: निळं_बोनेट

माझ्या गाडीला मी निळे सिलिकॉन होज लावलेत. दिसतातही छान आणि उष्णता सोसतात. तेच घ्या की.

प्रतिसाद: जुनाजाणता

निळं_बोनेट, कुठे लावलेत? रेडिएटरला असतील तर उत्तम. पेट्रोलला असतील तर आजच काढा, मनापासून सांगतोय. साधं सिलिकॉन पेट्रोलसाठी नसतं. ते मऊ पडतं, फुगतं आणि त्यातून वाफ आरपार झिरपते. उष्णता सोसतं म्हणून पेट्रोलही सोसेल असं नाही.

प्रतिसाद: निळं_बोनेट

रेडिएटरलाच आहेत, पण व्हॅक्यूमच्या सिलिकॉन होजचा उरलेला तुकडा मी पेट्रोल फिल्टरला वापरला होता. आत्ता गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं, बोटाने दाबला तर चिकट लागतोय. काढतो. बरं झालं विचारलंत.

प्रतिसाद: पंपाची_टिकटिक

माझ्याकडे 1971 ची एमजीबी जीटी होती, हे काम दोनदा केलंय.

टाकीचं उत्तर: हो, येईल. पंप टाकीच्या वरच्या पातळीहून खाली आहे, त्यामुळे पंपाकडे येणारा होज सोडला की सायफन सुरू होतो आणि तुम्ही नेमके त्याच्याखाली आडवे पडलेले असता. टाकी आधी रिकामी करा. हाताने दाबायच्या सायफन पंपाने काढा, तोंडाने ओढू नका. घरी न कळवता एकूण 30 लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं. प्लास्टिकचा कॅन 10 लिटरपर्यंतचा आणि धातूचा 20 लिटरपर्यंतचा चालतो, दोन्ही पेट्रोलसाठी बनवलेलेच हवेत. पाव टाकी सहज बसेल.

काम गॅरेजच्या बाहेर, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. गॅरेजमध्ये बॉयलर किंवा जुना फ्रीज असेल तर तेवढी ठिणगी पुरते. गाडी ढकलत बाहेर आणा, चालू करून नव्हे. बॅटरीचं अर्थिंग काढा. फोम किंवा पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे.

चाक काढून पंपापाशी जायचं, पण गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

क्लिपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. खाचा आरपार कापलेल्या, स्क्रूने आवळायच्या साध्या पट्टीच्या क्लिप इतक्या बारीक होजला नकोत. त्यांच्या खाचांत रबर फुगून वर येतं आणि कापलं जातं. तुमच्या भेगा क्लिपच्या कडेलाच आहेत, म्हणजे हेच झालं असणार. कडा वळवलेल्या, नट-बोल्टने आवळायच्या क्लिप मिळतात, त्या सगळीकडून सारख्या दाबतात. होज धारदार पात्याने सरळ काटकोनात कापा, करवतीने नको, त्याचा भुसा आत राहतो आणि कार्ब्युरेटरात पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली जाऊन बसतो. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या पुढे होज गेला पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे.

प्रतिसाद: पद्मिनीवाला_पुणे

माझी गाडी स्पोर्ट्स कार नाही, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, तिचा पंप इंजिनावरचा, मेकॅनिकल. इकडे आता पेट्रोल पंपावर ई20 मिळतं. त्यानंतर माझे साधे होज वर्षभरात इतके कडक झाले की काढताना बिस्किटासारखे तुटले. आता बदलले की त्यावर तारीख लिहून चिकटपट्टी लावतो. आणि कापडी विणीचा होज मी पुन्हा घेणार नाही, आत काय चाललंय ते कळतच नाही. एकदा माझ्या मेकॅनिकने आर9 म्हणून दिलेला होजही दोन वर्षांत भेगाळला, तेव्हा नुसत्या छापावर विसंबू नका. घेताना वाकवून, कापलेल्या टोकाकडून आतला थर वेगळा दिसतो का ते पाहा.

प्रतिसाद: रोडस्टर६९

सर्वांचे मनापासून आभार. आर9 चा होज आणि नट-बोल्टच्या क्लिप मागवल्या. विणीचा नाही घेतला, साधा काळा घेतला.

माझी यादी अशी: टाकी ते पंप, पंप ते गाडीखालची लांब धातूची नळी, ती नळी ते मागचा कार्ब्युरेटर, आणि दोन कार्ब्युरेटरांमधला. चारच. काही राहिलं का?

प्रतिसाद: जुनाजाणता

हो, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. एचएस प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट बाऊलच्या (पेट्रोल साठायच्या वाटीच्या) तळातून जेटकडे, म्हणजे पेट्रोल जिथून हवेत मिसळतं त्या बारीक तोंडाकडे, जाणारी एक बारीक लवचिक नळी असते. ती होज वाटत नाही, कार्ब्युरेटरचाच भाग वाटते, म्हणून लोक सोडून देतात. तीही जुनी होते, आणि बाऊलपाशी तिच्या तोंडाशी छोटं रबरी सील असतं ते आक्रसतं. गळती तिथूनही बरोबर एक्झॉस्टच्या दिशेनेच. नळी जेटसकट मिळते. जेट बदललात तर मिश्रण पुन्हा जुळवावं लागेल. नुसतं सील बदलून नळी पुन्हा बसवता येते, पण तुमच्या गाडीचा इतिहास पाहता मी जेटच बदलेन.

आणि फिल्टर लावणार असाल तर काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा एक्झॉस्टच्या वर लटकवू नका.

प्रतिसाद: रोडस्टर६९

काल काम केलं. लिहून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

सकाळी टाकीतून 16 लिटर निघालं. तरी पंपाचा होज सोडल्यावर कपभर पेट्रोल आलंच, खाली पत्र्याचा ट्रे ठेवला होता म्हणून निभावलं. हातात नायट्राइलचे मोजे होते. मागचे दोन होज सोडवायला दीड तास गेला, क्लिप गंजून चिकटल्या होत्या. पुढचे दोन वीस मिनिटांत झाले.

कार्ब्युरेटरांमधला जुना होज उभा चिरून पाहिला. आतून भेगा बाहेरच्यापेक्षा लांब होत्या, एक जवळजवळ आरपार. तो तुकडा वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंपाकडचाही चिरून दाखव." तोही तसाच निघाला.

जेटच्या नळ्या अजून यायच्यात. त्यामुळे इंजिन चालू केलेलं नाही, फक्त गळती तपासायला पाच लिटर टाकून चावी लावली. पंप आधी भरभर टिकटिकला, मग हळू, मग थांबला. नंतर मिनिटभरात एकच टिक. इंजिन बंद असताना चावी लावून ठेवली तर कॉइल तापते असं वाचलं होतं, म्हणून लगेच बंद केली.

प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद ठेवून रात्रभर सोडलं. सकाळी मुलगी माझ्याआधी गॅरेजमध्ये गेली आणि आतूनच ओरडली, "बाबा, चार कागद कोरडे, पुढच्या कार्ब्युरेटरखालचा एक थोडा ओला." पाहिलं तर डाग होजखाली नव्हता, बाऊलच्या तळाशी होता. जुनाजाणता म्हणतात ते सील तेच असणार ना? की फ्लोटची सुई नीट बसत नसेल आणि वरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल?

प्रतिसाद: पंपाची_टिकटिक

सुई बसत नसती तर पंप थांबला नसता, टिकटिकत राहिला असता. तुमचा थांबला. शिवाय ओव्हरफ्लोची नळी थेट खाली जाते, तिचा डाग जमिनीवर पडला असता. सीलच आहे. नळ्या येईपर्यंत बाऊल रिकामे करून ठेवा आणि बॅटरी जोडू नका. मुलीला सांगा, कागदाचं काम तिचंच.