गोव्याचा लढा १९ डिसेंबरला खरंच संपला?

वर कोणीतरी म्हटलंय की गोवामुक्ती म्हणजे ३६ तासांचं काम, १९ डिसेंबर १९६१ ला विषय संपला. लष्करी कारवाईपुरतं मान्य. पण मोहन रानड्यांसाठी तो विषय आणखी सात वर्षं चालू होता, आणि त्यांचं नाव इथे अजून कोणीच घेतलेलं नाही.

मूळ सांगलीचे रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि पोर्तुगीजांशी सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ मध्ये पणजीसमोर, मांडवीपलीकडच्या बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळ्या लागून ते जखमी झाले नि पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं, त्यामुळे गोवा सुटला तेव्हा हा माणूस लिस्बनजवळच्या तुरुंगात! कारवाईत भारताने पकडलेले पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ मध्येच आपल्या घरी पोचले. त्या वेळी रानड्यांना सोडवून घ्यायचं आपल्या सरकारला जमलं नाही, हे मला आजही पटत नाही. सुटकेसाठी इकडे सुधीर फडके वगैरे मंडळींनी समिती काढून जिवाचं रान केलं, तिकडे मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपनाच साकडं घातलं. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुराई फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच गेले, त्यामुळे दोघांची भेट राहूनच गेली.

आणि कागदोपत्री म्हणाल, तर पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं ते हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट कोसळल्यावर, डिसेंबर १९७४ च्या करारात.