शिष्यवृत्तीने विद्यार्थी स्वतंत्र होतो की मिंधा?

वाळपईकर
प्रवेशाचे दिवस आले की गोव्यात शिष्यवृत्तीची चर्चा शुल्कापाशी सुरू होते आणि शुल्कापाशीच संपते. माझ्या मते तिचा खरा उपयोग शुल्क भरून झाल्यावर सुरू होतो. मी पणजीत शिकत असताना वर्ग दुपारी संपत, परंतु विद्यार्थी मंडळाच्या बैठका, वक्तृत्वाचा सराव आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची आखणी हे सारे त्यानंतर चाले. सत्तरी तालुक्यातल्या माझ्या गावाकडची शेवटची बस चुकवणे मला परवडणारे नव्हते, त्यामुळे पहिली दोन वर्षे वर्गाबाहेरच्या कोणत्याही कामात मी नव्हतो. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृहाचा खर्च निघाला, आणि त्याच वर्षी वर्गाने मला प्रतिनिधी म्हणून निवडले. माझ्यात नेतृत्वगुण एकाएकी उपजले नव्हते. मी संध्याकाळी हजर असू लागलो होतो. काजूचा हंगाम आणि परीक्षा एकाच वेळी येतात. त्या वर्षी घरी जाऊन बोंडे वेचायची की अभ्यासाला थांबायचे, हेही प्रथमच माझे मी ठरवले. लिंगडोह समितीने २००६ साली विद्यार्थी निवडणुकांतील उमेदवाराच्या खर्चावर ५००० रुपयांची मर्यादा सुचवली, ते योग्यच झाले. मात्र संध्याकाळी महाविद्यालयात थांबण्याचा खर्च त्या हिशेबात येत नाही, आणि गरीब विद्यार्थी निवडणुकीआधीच तिथे गळतो.

एक प्राध्यापक, केपे
आपला अनुभव मी नाकारत नाही; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. शासकीय शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरला तरी त्याची पडताळणी संस्थेलाच करावी लागते, आणि नूतनीकरणासाठी हा फेरा दरवर्षी असतो. ज्याचा अर्ज कार्यालयात पडून आहे, तो विद्यार्थी उपाहारगृहाच्या दरांविरुद्ध किंवा ग्रंथालयाच्या वेळांविरुद्ध उभा राहताना दहा वेळा विचार करतो. हे मी वर्गात पाहिलेले आहे. याउलट, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातील विद्यार्थ्यांनी बसप्रवासात अर्ध्या तिकिटाची सवलत मिळावी म्हणून आंदोलन केले आणि ती मिळवली, ती कोणाच्या शिष्यवृत्तीच्या बळावर नव्हे. खिशाला बसणारा चिमटा सगळ्यांचा सारखा होता, म्हणून ते एकत्र आले. शिष्यवृत्ती एकेका विद्यार्थ्याला निवडून बाजूला काढते, आणि बाजूला काढलेला माणूस सर्वांच्या वतीने कितपत बोलेल, याविषयी मला शंका आहे.

सांग्याची वाचक
प्राध्यापकमहाशय, त्या सवलतीमुळे अनेक मुली महाविद्यालयापर्यंत पोहोचल्या असतील, याबद्दल दुमत नाही. पण घरातले स्वातंत्र्य अर्ध्या तिकिटाने येत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम थेट माझ्या नावावरच्या खात्यात जमा झाली, तेव्हा पुढे बी.एड. करायचे की नाही, या प्रश्नावर घरात प्रथमच माझे मत विचारले गेले. त्यापूर्वी तो निर्णय वडील आणि काका यांच्यातच होत असे. ज्या मुलीला स्वतःच्या घरात बोलता येत नाही, ती मंडळाच्या बैठकीत काय बोलणार? वाळपईकरांना एकच सुचवते, की नेतृत्व हे शिष्यवृत्तीचे फळ असावे, अट नसावी. अर्जात प्रमाणपत्रांना गुण मिळू लागले, की मुले पदे मिळवण्यासाठी धावतात आणि कामे तशीच राहतात.

निवृत्त ग्रंथपाल, फोंडा
सांग्याच्या भगिनींनी अटीचा मुद्दा काढला, म्हणून दोन उदाहरणे देतो. गोव्यातील सांकवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, ते मराठी मुलखात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक संस्थानासाठी लिहावे एवढ्याच अपेक्षेने. कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडून ते स्वीकारले, कारण त्यांना हवे होते ते काम त्यात करता येत होते. त्याच सयाजीरावांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे दिले, पण परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. बडोद्यात परतल्यावर अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागासुद्धा मिळेना, आणि ती नोकरी सोडावी लागली. देणारा उदार होता, तरीही करार कामी आला नाही. म्हणून रक्कम किती, यापेक्षा तिच्यासोबत काय लिहून घेतले आहे, हे मी आधी पाहतो.

वाळपईकर
ग्रंथपालांचे म्हणणे मला पटते, आणि प्राध्यापकांची भीतीही मी टाळत नाही. मी प्रतिनिधी असताना वसतिगृहाच्या पाण्याचा प्रश्न मांडायला तीन आठवडे उशीर केला, कारण माझे नूतनीकरण बाकी होते. पण हा दोष शिष्यवृत्तीचा की सहीसाठी अडणाऱ्या व्यवस्थेचा? पडताळणीला ठरावीक मुदत द्या, ती टळल्यास अर्ज आपोआप पुढे जाऊ द्या, आणि पहिला हप्ता चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी खात्यात पडू द्या.

एक प्राध्यापक, केपे
हे तिन्ही झाले तर मिंधेपणाचा माझा आक्षेप मी मागे घेईन. शिष्यवृत्ती न मिळालेला विद्यार्थी संध्याकाळच्या बसने घरी गेलेलाच असतो, हा आक्षेप मात्र राहील, आणि त्यासाठी मंडळाच्या बैठका दुपारी वर्गांच्या वेळेतच घ्याव्यात, अशी मागणी मी आमच्या महाविद्यालयात पुन्हा मांडणार आहे.