शब्दचर्चा: लिखाणाचा ‘रतीब’

नौपाडेकर:

परवा राम मारुती रोडवर एक जुने स्नेही भेटले. बोलता बोलता एका स्तंभलेखकाचा विषय निघाला. ते म्हणाले, “आता नुसता रतीब घालतोय तो.” मी मान डोलावली खरी, पण घरी पोचेपर्यंत तो शब्द काही डोक्यातून जाईना. दुधाचा रतीब म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही. लेखांचा रतीब म्हटलं की ती निंदा होते. असं का?

शब्द मूळचा अरबी. ‘रातिब’ म्हणजे ठरलेलं, नेमून दिलेलं. हिंदीत रातिब जनावरांच्या रोजच्या खुराकाला म्हणतात. आपल्याकडे तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापानं घरी येणाऱ्या वस्तूला चिकटला, आणि त्यातही मुख्यतः दुधाला.

आम्ही चाळीत राहायचो तेव्हा कळव्याच्या एका तबेल्यातून दूध यायचं. आई पातेलं घेऊन दारात उभी राहायची. दूधवाला माप काठोकाठ भरून ओतायचा आणि ओतून झालं की वर एक बारीकशी धार सोडायचा. ती धार हिशेबात नसे. आई पातेलं लगेच मागे घेत नसे, त्या धारेसाठी थांबायची. तो गावी जाणार असला की आदल्या दिवशी सांगून जाई. मग कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकटीत आई ‘खा’ असं लिहायची. खा म्हणजे खाडा. महिनाअखेरीस खाडे मोजून पैसे वळते व्हायचे.

मला वाटतं, आपण ज्या लेखकाकडे पुन्हा पुन्हा जातो तो नेमका असाच असतो. माप पूर्ण देतो, वर धार सोडतो, आणि खाडा असेल तर सांगून करतो. तो दुधात पाणी घालू लागला तर दोष पाण्याचा, रतीबाचा नव्हे. त्या दोषासाठी मराठीत शब्द आहेतच की! पाट्या टाकणं आहे, पाणी घालणं आहे, पाल्हाळ लावणं आहे. मग रतीब या बिचाऱ्या शब्दाला कशाला बदनाम करायचं?

पण मग चांगल्या अर्थानं काय म्हणायचं? ‘वाचनीय’ मला पुरत नाही. ते एकदाच देऊन टाकायचं प्रशस्तिपत्रक आहे. माणूस पुढच्या आठवड्यात परत येईल का, हे त्यातून कळत नाही.

ऐरोलीची वाचक:

काका, ‘वाचनीय’ इतक्या लवकर सोडू नका. परीक्षणं आणि मलपृष्ठं यांनी तो शब्द गुळगुळीत केलाय हे मान्य. पण तो मुळात फार जिवंत आहे.

‘अनीय’ हा प्रत्यय करणीय, पूजनीय, दर्शनीय यांत आहे तोच. त्यात ‘करण्याजोगं’ आणि ‘करायलाच हवं’ असे दोन्ही अर्थ येतात. खरी गंमत वाच् मध्ये आहे. संस्कृतात वच् म्हणजे बोलणं. त्याचं प्रयोजक रूप वाचयति, म्हणजे बोलायला लावणं. म्हणजे वाचन हे मुळात मजकुराला बोलतं करणं होतं, मोठ्यानं. पुण्याहवाचन, स्वस्तिवाचन या शब्दांत तो मोठा आवाज अजून शिल्लक आहे. पुण्याहवाचन काही कुणी मनातल्या मनात करत नाही.

माझ्या सासूबाई रविवारची पुरवणी वाचतात. त्यातलं एक सदर वाचताना त्या हमखास उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट ओळीवर, आणि “हे ऐक गं.” मागे त्यात लोणच्याच्या मोहरीबद्दल लिहिलं होतं. मोहरी फेसताना पाणी गारच का घ्यायचं, कढत पाण्यात तिचा झणका का मरतो, असा विषय. लिहिणारीनं दोन वाट्यांत दोन तऱ्हांनी मोहरी फेसून पाहिली होती आणि नाकात काय गेलं, काय नाही, ते लिहिलं होतं. सासूबाई पन्नास वर्षं लोणची घालताहेत. गार पाणीच घ्यायचं हे त्यांना ठाऊक होतं, पण ते का, हे त्या दिवशी कळलं. त्यांनी तो उतारा मला दोनदा वाचून दाखवला. दुपारी आम्ही दोघींनी दोन वाट्या घेतल्याच. कढत पाण्याची मोहरी खरोखरच मुकी निघाली.

जे वाचताना दुसऱ्याला हाक मारावीशी वाटते, ते माझ्या लेखी वाचनीय. अगदी धात्वर्थानं. आणि ही हाक फक्त अशा लिखाणाला मिळते ज्यात लिहिणाऱ्यानं स्वतः काहीतरी करून पाहिलेलं असतं. दहा ठिकाणचं गोळा केलेलं आपण वाचतो, पण उठून दारापर्यंत जात नाही.

अवांतर: ‘वाचाल तर वाचाल’ या घोषणेत दोन वेगळी क्रियापदं आहेत हे आता पटकन कळत नाही. जिवंत राहण्याच्या अर्थाचं क्रियापद पूर्वी ‘वांचणें’ असं अनुस्वार देऊन लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले.

जांभळी नाका:

‘सदर’ राहिलं. अरबीत सद्र म्हणजे छाती, समोरचा भाग, त्यावरून मानाची बसण्याची जागा. गडावरची सदर आणि वाड्याची सदर तीच. सदरेवर गेलं की बसणारा ठरल्या जागी बसलेला असायचा आणि आलेल्याचं गाऱ्हाणं ऐकायचा. वर्तमानपत्रातल्या सदराला मी हाच अर्थ लावतो. लेखकानं तिथं बसलेलं असावं.

कोपरखैरणेकर:

रतीब आणि सदर, दोन्हींत वेळेचा हट्ट आहे. मराठीला हा हट्ट फारच आहे. दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, ही सगळी नावं काळाची. आत काय आहे हे नावात नाहीच, कधी येणार एवढंच आहे. सगळ्यांना मिळून नियतकालिक म्हणतो, तेही काळावरूनच. आपल्या ठाण्यातून १८६६ साली अरुणोदय निघालं, तेही साप्ताहिकच.

पण मग साठच्या दशकातली अनियतकालिकं कुठे बसवायची? त्या मंडळींनी नावातच सांगून टाकलं होतं की वेळेचं बंधन आम्ही मानत नाही. अंक जमला की काढायचे. काही थोड्याच अंकांत थांबली. तरी वाचणारे त्यांची वाट बघत, हातोहात अंक फिरवत. उलट अगदी वेळेवर येणारं कितीतरी लिखाण न उघडता रद्दीत जातं. मी ठाणे-वाशी लोकलनं रोज जातो. मोबाइलवर दर सोमवारी न चुकता येणारं बरंच काही असतं. रबाळे यायच्या आत अंगठ्यानं वर सरकवून टाकतो. आणि एक बाई आहेत, झाडांवर लिहितात, कधी पंधरा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी. त्यांचं आलं की तुर्भे गेलं तरी मान वर होत नाही.

म्हणून काका, वेळ पाळणं हा गुण असेल, पण मूळ गोष्ट ती नव्हे. भरवसा ही मूळ गोष्ट आहे. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण उगाच दुधाच्या व्यवहारातून आलेली नाही. म्हैस वेळेवर व्याली होती हो, पण पदरात काय पडलं?

नौपाडेकर:

म्हशीचा मुद्दा बिनतोड आहे. रतीबाचा अर्धा भाग मी सोडतो. वेळ नव्हे, माप.

तरी एक सांगतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४मध्ये सुरू झाली. मासिक होतं ते, आणि बहुतेक सगळा मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. ८४ अंक निघाले. महिन्यामागून महिना एकाच माणसाचं लिखाण लोकांनी वाचलं, त्यावर भांडले, पुढच्या अंकाची वाट पाहिली. नेमानं लिहिताना माणसाचा कस लागतो, आणि तो लागलेला वाचकाला दिसतो. कधीतरी एक सुरेख लेख लिहिणाऱ्याबद्दल आपल्याला कौतुक वाटतं. पण रुसायला, वाद घालायला, हा माणूस गेल्या वर्षी असं म्हणत नव्हता हे ओळखायला ओळख लागते. ती एका भेटीत होत नाही.

ताई, तुमच्या ‘हे ऐक गं’ला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या धारेपेक्षा ते सरस आहे.

घणसोली गावठाण:

मी शिक्षिका नाही की भाषेची अभ्यासक नाही, पण तुम्ही सगळे नामं शोधताय आणि क्रियापद समोर पडलंय असं वाटलं म्हणून लिहिते.

आपण दूध ‘लावतो’. पेपर लावतो. डबा लावतो, खानावळ लावतो, मुलांना शिकवणी लावतो. जे नेमानं हवंय, ज्याच्यावर आपलं रोजचं चालणार आहे, ते आपण लावतो, आणि पटलं नाही की बंद करतो. इथे नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्याच आठवड्यात शेजारीण विचारते, “दूध कुणाचं लावलं?” माप, भरवसा, वेळ, सगळं त्या एका प्रश्नात येतं.

आणि लावणेच्या शेजारीच लागणे आहे. गोडी लागते, चटक लागते, वेड लागतं. पेपर मी लावला. त्यातल्या एका बाईंचं लिखाण मला लागलं. पहिलं माझ्या हातात होतं, दुसरं नाही. नेमानं वाचावं असं लिखाण कुठलं, तर आधी लावलेलं आणि मग लागलेलं. माझा मुलगा एका क्रिकेटवर लिहिणाऱ्याबद्दल म्हणतो, “आई, मी त्याला लावलाय.” मी आधी हसले. मग वाटलं, बरोबरच बोलतोय.

ऐरोलीची वाचक:

मावशी, हे आत्ता मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात, त्यांच्या माहेरी कीर्तनकारसुद्धा लावत. चातुर्मासात चार महिने.

नौपाडेकर:

आईची जुनी कॅलेंडरं माळ्यावर आहेत. आज एक खाली काढलं. जूनच्या पहिल्या तारखेच्या चौकटीत शिसपेन्सिलीनं लिहिलंय, ‘दूध लावले, दीड’. त्याखाली महिनाभर फक्त दोन ‘खा’.